कैदी कीं रोगी?

अफू-मॉर्फियाचें व्यसन हा गुन्हा कीं रोग, हा वाद जुना आहे. अमेरिकेनें दोन्ही उत्तरें एकाच छपराखालीं आणून पाहिलीं. १९२९ सालीं तेथील काँग्रेसनें व्यसनी कैद्यांसाठीं दोन संस्था काढण्याचा कायदा केला. त्यांतील पहिली १९३५ सालीं केंटकी राज्यांत लेक्सिंग्टन येथें उघडली. खिडक्यांना गज होते. प्रमुख मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स कोल्ब होते. व्यसनाचें मूळ मनाच्या विकारांत असतें, म्हणून दंडापेक्षां औषधोपचार हवा, असें त्यांचें मत होतें.

कैदी शेतींत व कारखान्यांत राबत. कांहीं आठवड्यांत शरीरांतील विष उतरे. परंतु सुटलेल्यांपैकीं बहुतेक पुन्हां व्यसनाकडे वळत. याचें एक कारण डॉ. अब्राहम विकलर यांनीं दाखविलें. जुनी गल्ली व जुने सोबती दृष्टीस पडतांच, महिनोन्महिने निर्व्यसनी राहिलेल्या माणसालाही पहिल्या यातना पुन्हां जाणवत. तुरुंगांत देह शुद्ध झाला, तरी मनाचें वळण तसेंच राही. आणि बाहेर त्याला सांवरणारें सहसा कोणी नसे.

त्याच संस्थेच्या संशोधनशाळेंत कैद्यांवर मादक द्रव्यांचे प्रयोग होत, आणि मोबदला म्हणून कित्येकदां तींच द्रव्यें मिळत. मन व्यसनानें जखडलेलें असतां दिलेली संमति खरी कशी मानावी? सिनेटमध्यें चौकशी झाल्यावर १९७६ सालीं हे प्रयोग बंद पडले.

व्यसनी कैद्यास रोगी म्हणावयाचें, तर प्रयोगशाळेंतही आणि तुरुंगाच्या दाराबाहेरही त्याला रोगीच मानलें पाहिजे.