देवमाशाचं तेल, गिअरबॉक्स आणि ऐंशी लाखांचा आकडा

वंगणांवर काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी वाचनात एक वाक्य मला सारखं भेटायचं. अमेरिकेत १९७० च्या सुमारास देवमाशाच्या तेलावर बंदी आली आणि गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धडाधड निकामी व्हायला लागले. सोबत आकडाही असायचा: आधी वर्षाला दहा लाखांच्या आत, १९७५ पर्यंत ऐंशी लाखांच्या वर. गोष्ट इतकी छान होती की मी ती तशीच लिटरेचर रिव्ह्यूमध्ये घातली. सरांनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले. "कोणी मोजलं?"

या प्रश्नामागे माझे जवळपास दोन महिने गेले. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, काहींचा विषय ठरायचाय. विषय कोणताही घ्या, असलं एखादं वाक्य तुम्हालाही भेटणारच. म्हणून आज हा इतिहास थोडा सविस्तर सांगते. इतिहास खराच मजेदार आहे, आकडा मात्र संशयास्पद आहे.

आधी तेल गिअरबॉक्समध्ये काय करतं ते बघू. साध्या गाडीत क्लच कोरडा असतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या चकत्यांचे तीन-चार संच गिअरबॉक्सच्या पोटातच असतात, आणि तेही तेलात बुडालेले. हेच तेल इंजिनाची ताकद पुढे पोचवतं, झडपांमधून दाब देऊन क्लच दाबतं, उष्णता वाहून नेतं आणि दातेरी चाकांना वंगणही पुरवतं. इथेच गोची आहे. चाकांना तेल निसरडं हवं असतं आणि क्लचला पकड हवी असते. एकाच डब्यातल्या द्रवाकडे आपण दोन उलट गोष्टी मागतो.

क्लचची मागणी त्याहून नाजूक आहे. घरातलं लोखंडी कपाट ढकलून बघा. जागचं हलवायला जोर जास्त लागतो, एकदा सरकायला लागलं की कमी लागतो. गिअर बदलताना क्लचच्या चकत्या आधी एकमेकींवर घसरतात आणि शेवटी एकत्र थांबतात, म्हणजे कपाटाचा प्रवास उलटा. थांबता थांबता घर्षण एकदम वाढलं तर गाडीला हिसका बसतो. चाचणी यंत्रावर याचा आलेख काढला तर शेवटी रेघ उसळून वर जाते. इंजिनिअर लोक तिला कोंबड्याची शेपटी म्हणतात, आणि ती दिसतेही तशीच. वेग कमी होताना घर्षण किंचित उतरत गेलं तर गिअर कधी बदलला ते प्रवाशाला कळतही नाही.

हे घडवून आणणाऱ्या पदार्थाला घर्षण-सुधारक म्हणतात. त्याचा रेणू लांबट असतो. एक टोक धातूला किंवा चकतीच्या अस्तराला चिकटतं, शेपूट बाहेर राहतं. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी उभे राहिले की पृष्ठभागावर मखमलीसारखा थर तयार होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम हार्डी यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं होतं की अशा थराखालचं घर्षण रेणूच्या साखळीच्या लांबीवर अवलंबून असतं. त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी नव्हती. ते काचेच्या आणि धातूच्या पृष्ठभागांवर शुद्ध रसायनं घेऊन प्रयोग करत होते.

गाड्यांचा भाग त्यानंतर आला. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक पद्धत. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये ती आली. खास तिच्यासाठी बांधलेला तेलाचा सार्वजनिक निकष मात्र १९४९ चा, 'टाइप ए'. १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि १९६७ मध्ये डेक्सरॉन.

इथे एक बारकावा आहे, आणि मला तो समजायला उशीर लागला. टाइप ए काय किंवा डेक्सरॉन काय, ही पाककृती नव्हेच. तेलाने कोणत्या चाचण्या पास करायच्या, एवढंच निकषात असतं. आत काय घालायचं ते तेल आणि ॲडिटिव्ह बनवणाऱ्या कंपन्या ठरवतात. त्यामुळे निकषाच्या कागदात देवमासा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. मी आठवडाभर तेच केलं. त्याचा माग पेटंटांमध्ये आणि वंगण-रसायनाच्या जुन्या पुस्तकांमध्ये लागतो.

तिथे तो भरपूर दिसतो, कारण स्पर्म व्हेलचं तेल खरंच वेगळं असतं. शेंगदाण्याचं तेल, डुकराची चरबी, किंवा इतर बहुतेक देवमाशांचं तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलच्या एका दांडीला मेदाम्लांचे तीन हात लटकलेले. स्पर्म व्हेलच्या तेलाचा मोठा भाग मात्र मेण-एस्टर असतो. एक लांब मेदाम्ल आणि एक लांब अल्कोहोल टोकाला टोक जोडून झालेला सरळसोट रेणू, तोही द्रवरूप. हार्डींच्या प्रयोगांतून जे गुण पुढे आले, ते इथे निसर्गाने तयारच करून ठेवलेले.

त्यात गंधक मिसळून तापवलं की आणखी कामाचा पदार्थ मिळतो. गंधक जास्त दाबाखाली धातूवर संरक्षक थर बनवतो. हाच प्रयोग ट्रायग्लिसराइडवर केला तर तीन हात शेजारच्या रेणूंच्या हातांत गंधकाने गुंततात आणि दाट, चिकट जाळं तयार होतं. ते खनिज तेलात नीट विरघळत नाही, थंडीत खाली बसतं. मेण-एस्टरला तीन हात नाहीत, त्यामुळे तो इतका गुंतत नाही आणि विरघळलेला राहतो. म्हणजे घर्षण सुधारणं, झीज टाळणं आणि तेलात मिसळून राहणं ही तीन कामं एकच पदार्थ करत होता. त्यातलं प्रत्येक काम वेगळं मोजायची गरज तेव्हा कोणाला फारशी पडली नाही. पिंपात तेल होतं, चाचणी पास होत होती.

पिंपातलं तेल कुठून यायचं, तेही सांगायला हवं. जगभरात स्पर्म व्हेलची सर्वाधिक नोंदलेली शिकार कधी झाली असेल? बहुतेकांना वाटतं 'मोबी डिक'च्या काळात, शिडाच्या जहाजांवरून. प्रत्यक्षात ती झाली १९६४ मध्ये, एका वर्षात सुमारे २९ हजार. रॉकेल आणि विजेच्या दिव्यांनी देवमासे वाचवले असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. दिव्यापुरतं ते ठीक आहे. यंत्रांनी त्यांना पुन्हा कामाला लावलं. अमेरिकन सरकार तर हे तेल युद्धोपयोगी माल म्हणून साठवून ठेवत असे.

मग १९६९ चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आला. १९७० च्या अखेरीस स्पर्म व्हेल त्याच्या यादीत गेला आणि अमेरिकेतली आयात बंद होत गेली. ॲडिटिव्ह कंपन्यांना पर्याय शोधणं भाग पडलं. १९७३ च्या मॉडेलसाठी आलेलं डेक्सरॉन-दोन हे स्पर्म तेलाशिवायचं तेल.

आता घोटाळा बघा. नव्या तेलाने घर्षणाच्या चाचण्या पास केल्या. अडचण आली भलत्याच ठिकाणी. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी गाडीच्या रेडिएटरच्या टाकीतून जाते. या तेलाच्या पहिल्या आवृत्तीने, म्हणजे 'सी'ने, तिथले धातूचे जोड गंजवले. जोड गळला की रेडिएटरचं पाणी आणि ग्लायकॉल गिअरबॉक्समध्ये शिरतं. क्लचचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं, गोंदाने चिकटवलेलं. पाणी लागलं की ते सुटतं. म्हणजे क्लच जळाला असं दिसलं तरी मूळ कारण घर्षणात नसून गंजात असू शकतं. दोन-तीन वर्षांत गंजरोधक घालून 'डी' आवृत्ती आली. तो गंजरोधक हवेतली ओल शोषून घ्यायचा, म्हणून पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'ई' काढावी लागली. एक खुंटी काढली आणि वीस वर्षं ठोकाठोक चालली.

एवढं कळल्यावर मी पुन्हा त्या आकड्याकडे वळले. वर्षाला ऐंशी लाख. त्या काळात अमेरिकेत मोटारी होत्या सुमारे दहा कोटी. म्हणजे दर बारा-तेरा मोटारींमागे एकीचा गिअरबॉक्स दरवर्षी बसत होता, असं मानावं लागतं. नव्या मोटारींची वर्षाची विक्रीही तेव्हा साधारण ऐंशी लाख ते एक कोटी दहा लाख होती. अशक्य म्हणणार नाही, पण एवढं झालं असतं तर त्याच्या खुणा इतर अनेक ठिकाणी दिसायला हव्यात.

शिवाय १९७५ मध्ये रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या १९७३ च्या आधीच्या होत्या. त्यांच्यात कारखान्यातून भरलेलं तेल जुनंच. मधे कोणी तेल बदललं असेल, कोणी वरून भर घातली असेल, ते मोजायचं कसं? त्याच वर्षांत प्रदूषणाचे नियम कडक झाले, बॉनेटखालची उष्णता वाढली. 'निकामी' या शब्दाची व्याख्याही ठरलेली नाही: गॅरेजमध्ये उघडलेला प्रत्येक गिअरबॉक्स धरायचा, की बदललेलाच?

मला सगळ्यात जास्त खटकली ती फोर्ड. साठच्या दशकात फोर्डने जनरल मोटर्सच्या अगदी उलटी वाट धरली होती. त्यांच्या 'टाइप एफ' तेलात घर्षण-सुधारक मुद्दामच नव्हता. त्यांना मऊ बदल नको होता, पटकन आणि घट्ट बसणारा क्लच हवा होता. कोंबड्याची शेपटी त्यांना चालत होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते हळूहळू सुधारकाकडे वळले. आता विचार करा. एकच देश, तेच रस्ते, तीच वर्षं, आणि दोन मोठ्या कंपन्यांच्या तेलांत नेमका हाच फरक. तुम्ही-आम्ही प्रयोगशाळेत जी तुलना पैसे खर्चून उभी करतो, ती इथे आयती होती. सुधारक गेल्यामुळेच गिअरबॉक्स बसले असतील, तर जनरल मोटर्सच्या तेलावर चालणाऱ्या गाड्यांत वाढ दिसायला हवी आणि टाइप एफवाल्या फोर्डमध्ये दिसायला नको. फिरणाऱ्या आकड्यात ही फोडच नाही. सगळ्या गाड्या एका पोत्यात.

आणखी एक. हा आकडा आवडीने सांगणाऱ्यांमध्ये गिअरबॉक्समध्ये वरून ओतायच्या बाटल्या विकणारे बरेच भेटतात. बाटलीत काहीच नसतं असं मी म्हणत नाही. वनस्पतींपासून बनवलेले मेण-एस्टर घर्षणाचा आलेख खरोखर बदलतात, त्यामागचं रसायन वर सांगितलं तेच आहे. पण चांगल्या तेलात सुधारकाचं प्रमाण आधीच बेतलेलं असतं. त्यात आणखी ओतलं की हिसका कमी होईल आणि पकडही कमी होईल. पकड गेली की क्लच घसरतो, तापतो. गाडी मऊ चालते म्हणून खूश व्हायचं, आणि आत अस्तर जळत असायचं.

वनस्पतींचा विषय निघालाच आहे तर जोजोबाबद्दल थोडं. सोनोरा वाळवंटातलं हे झुडूप. याच्या बियांच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग तेल असतं आणि ते तेल जवळजवळ पूर्णपणे मेण-एस्टर. बंदीनंतर अमेरिकेत त्याच्यावर अहवाल निघाले, लागवडी झाल्या. आपल्याकडे जोधपूरच्या काझरी संस्थेनेही त्याच्यावर काम केलं. मात्र जोजोबाची साखळी स्पर्म तेलापेक्षा लांब, म्हणून ते थंडीत लवकर गोठतं. भावही सौंदर्यप्रसाधनवाल्यांनी असा चढवला की गिअरबॉक्सला ते परवडेना. आज तुम्हाला ते शॅम्पूच्या बाटलीवर दिसतं.

आता माझ्या प्रकरणात काय राहिलं ते सांगते. बंदी राहिली, कारण कायदा आणि तारीख तपासता येते. 'सी' आवृत्तीचा गंज राहिला. टाइप एफशी तुलना एक परिच्छेदभर राहिली, उत्तर म्हणून नाही, न विचारलेला प्रश्न म्हणून. ऐंशी लाखांचं वाक्य काढलं. तळटीपेत तरी ठेवू का, असं सरांना विचारलं, कारण खरं सांगायचं तर मला ते सोडवत नव्हतं. ते म्हणाले, ठेव, पण कोणाकडून कोणाकडे गेलं ती साखळी शोधून लिही. चौथ्या कडीपर्यंत पोचलेय. चौथीवालाही "असे म्हणतात" असंच म्हणतोय.