काळाचें यंत्र आणि तीन पुस्तकें

सीताबर्डीची टेकडी नागपूरकरांच्या नित्य दृष्टीस पडते. परंतु १८१७ च्या नोव्हेंबरांत २६ तारखेच्या सायंकाळीं तेथें जो संग्राम सुरू झाला, त्याची आठवण क्वचितच कोणास होते. आप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य इंग्रजांच्या अनेक पट होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनीं काबीज केली आणि इंग्रजांचा टिकाव लागणें कठीण दिसूं लागलें. तोंच कॅप्टन फिट्झजेराल्ड यानें बंगाल घोडदळाच्या थोडक्या स्वारांनिशीं हल्ला चढविला आणि लढाईचें पारडें फिरलें. ते स्वार त्या घटकेस जागचे हलले नसते तर? इतिहास असल्या प्रश्नास उत्तर देत नाहीं. उत्तर शोधण्याचें धाडस कल्पनेनें मात्र वेळोवेळीं केलें आहे.

काळ ओलांडण्याची कल्पना भारतीयांस नवी नव्हे. भागवताच्या नवव्या स्कंधांत राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठीं वर विचारावयास ब्रह्मलोकीं जातो. तेथें गंधर्वांचें गायन चालू असतें, म्हणून तो क्षणभर थांबतो. गायन संपल्यावर ब्रह्मदेव हंसून सांगतो कीं, तेवढ्यांत पृथ्वीवर २७ चतुर्युगें उलटलीं. राजानें मनांत योजलेल्या वरांचे नातूपणतूही आतां उरले नाहींत. पुढें रेवतीस बलराम हा वर मिळाला. या कथेंत काळ ओलांडला जातो तो ब्रह्मलोकाच्या माहात्म्यानें. ककुद्मीच्या हातीं कांहींच नाहीं.

ती कळ माणसाच्या हातीं दिली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें. त्याची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ सालीं प्रसिद्ध झाली. काळ ही लांबी, रुंदी व उंची यांसारखीच एक चौथी मिति आहे, असें तिचा नायक आपल्या मित्रांस समजावून सांगतो. आइन्स्टाइनचा सापेक्षतेवरील पहिला निबंध यावयास तेव्हां अजून १० वर्षें होतीं. नायक यंत्रावर बसून इसवी सन ८,०२,७०१ मध्यें पोंचतो. तेथें मानवजातीच्या दोन शाखा झालेल्या असतात. पृथ्वीवर निष्काळजी, सुकुमार ‘इलॉय’ बागडतात, आणि जमिनीखालीं यंत्रें चालविणारे ‘मॉरलॉक’ राहतात. हे मॉरलॉक रात्रीं वर येऊन इलॉयांस धरून नेतात व भक्षण करितात.

या कल्पनेचें मूळ लेखकाच्या आयुष्यांत सांपडतें. वेल्सचें बालपण दारिद्र्यांत गेलें. त्यानें कापडाच्या दुकानांत उमेदवारी केली, पुढें टी. एच. हक्स्ले या थोर जीवशास्त्रज्ञाच्या हाताखालीं तो शिकला. त्याची आई अपपार्क नांवाच्या एका श्रीमंत वाड्यांत घरकामाची व्यवस्था पाहत असे. त्या वाड्यांत नोकरांनीं धन्याच्या दृष्टीआड, भुयारांतून ये-जा करावी अशी योजना होती. आज भुयारांतून ताटें वाहणारा उद्यां भुयारांतच जन्मूं लागला तर काय होईल, हाच प्रश्न वेल्सनें ८ लक्ष वर्षें पुढें नेऊन विचारला.

या कादंबरीवर जॉर्ज पाल या हंगेरींत जन्मलेल्या दिग्दर्शकानें १९६० सालीं चित्रपट काढला. नायकाचें काम रॉड टेलर यानें केलें होतें. काळ धांवतो हें पडद्यावर दाखवावें कसें? मेणबत्ती पाहतां पाहतां वितळते, फुलें क्षणांत उमलतात व मिटतात, सूर्य आकाशांतून भराभर पलीकडे जातो. समोरच्या दुकानांतील पुतळ्याच्या अंगावर वर्षागणिक नव्या तऱ्हेचा पोषाख चढतो. या करामतीबद्दल चित्रपटास ऑस्कर पारितोषिक मिळालें.

परंतु खरा फरक करामतीचा नाहीं, अर्थाचा आहे. चित्रपटाचा नायक १८९९ च्या अखेरच्या रात्रीं निघतो व वाटेंत १९१७, १९४० आणि १९६६ या वर्षीं थांबतो. प्रत्येक थांब्यावर त्यास युद्धच भेटतें. शेवटच्या थांब्यावर तर अणुबाँब पडतो. मानवजातीचे दोन तुकडे वेल्सनें धनिक व श्रमिक यांच्या भेदामुळें पाडले. पालनें ते युद्धामुळें पाडले. १९६६ मध्यें लोकांस तळघरांत पळावयास सांगणारा भोंगा ८ लक्ष वर्षांनंतरही वाजतो, आणि इलॉय मंत्रमुग्धासारखे मॉरलॉकांच्या गुहेंत चालूं लागतात. दोन महायुद्धें पाहिलेल्या प्रेक्षकांस त्या आवाजाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

मराठींत या विषयास शास्त्राचें बळ दिलें डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनीं. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचें नांव होतें ‘नारायण विनायक जगताप’. नारळीकरांनीं आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून हें टोपणनांव घेतलें होतें; हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नीनें उतरली होती. कृष्णविवराच्या निकट काळ मंदावतो, या सिद्धान्तावर ती कथा उभी आहे. ककुद्मीचा क्षण येथें गणितांत बसला.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मराठी मनास अधिक जवळची. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याहून आगगाडीनें मुंबईस निघतात आणि उतरतात तों मुंबईंत ईस्ट इंडिया कंपनीचाच अंमल चालू! ते ग्रंथालयांत जाऊन स्वतःचेच इतिहासग्रंथ उघडतात. पांचव्या खंडांत त्यांस कळतें कीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा जय झाला, कारण विश्वासरावांस लागावयाची गोळी कानाजवळून निघून गेली. परत आल्यावर त्यांच्यापाशीं पुरावा उरतो तो बखरीचें एक फाटकें पान एवढाच. एका गोळीच्या अंतरावर किती राज्यें उभीं होतीं, हें त्या पानावरून कळतें. सीताबर्डीचेंही एखादें असें पान कल्पितां येईल. मात्र त्यासाठीं घडलेलें पान आधीं नीट वाचलेलें असावें लागतें. गंगाधरपंतांस बदल ओळखूं आला, कारण खरा इतिहास त्यांस मुखोद्गत होता.

पालच्या चित्रपटांतही पुस्तकांचा प्रसंग आहे. नायक इलॉयांस त्यांचीं पुस्तकें दाखवावयास सांगतो. तीं त्याच्या हातांत धूळ होऊन गळून पडतात, कारण कित्येक पिढ्यांत तीं कोणी उघडलेलींच नसतात. त्या वेळीं त्यास जो संताप येतो, तो मॉरलॉकांस पाहूनही येत नाहीं. शेवटीं तो भविष्यांत परत जातो तेव्हां घरच्या फडताळांतून तीन पुस्तकें नाहींशीं झालेलीं आढळतात. तीं कोणतीं, हें चित्रपट सांगत नाहीं. त्याचा मित्र घरकामाच्या बाईस एवढेंच विचारतो कीं, तिनें कोणतीं तीन नेलीं असतीं?

हा प्रश्न मूळ कादंबरींत नाहीं. परंतु तो वेल्सच्या शिकवणीस शोभणारा आहे. घराघरांतून, रात्रीच्या जेवणानंतर, मुलांसमवेत तो विचारून पाहण्यासारखा आहे. उत्तरें जुळणार नाहींत, तंटा होईल. पण तंट्यासाठीं तरी फडताळ उघडावें लागेल, आणि उघडलेल्या पुस्तकांची धूळ होत नाहीं.