दोतोन, संडे स्कूल आणि मे महिन्यातली शाळा

मंडळी, मे महिन्यात आमच्या कोकणात मुंबईचे पाहुणे येतात आणि घरातली पोरं दिवसभर उन्हात उंडारतात. त्यांना दोन घटका सावलीत बसवायचं कसं, हा घरोघरचा प्रश्न. आमच्या घराजवळच्या चर्चने त्यावर एक उपाय काढलाय. दरवर्षी दहा दिवस, सकाळच्या वेळी, तिथे लहान मुलांची बायबलची शाळा भरते. गाणी, गोष्टी, चित्रं रंगवणं आणि शेवटी खाऊ. यंदा तिथलं काम बघणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली आणि म्हणाली, "बाई, तुमी येशात काय? पोरांका मराठी वाचूक येना नाय."

मी गेले. दहाही दिवस गेले. आणि अपेक्षेप्रमाणे पुण्याच्या नणंदेचा फोन आला. "अहो वहिनी, या वयात चर्चमध्ये कुठे निघालात?" मी रोज देवापुढे दिवा लावणारी बाई, त्यामुळे तिला वाटलेलं आश्चर्य मी समजू शकते. पण फोनवर चारशे-पावणेपाचशे वर्षांचा इतिहास सांगता येत नाही हो! म्हणून इथे लिहिते. ती हा ब्लॉग वाचतेच.

लहान मुलांना जमवून धर्माच्या गोष्टी सांगायची प्रथा आपल्या या किनाऱ्यावर फार जुनी आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, ती वाजवून मुलांना गोळा करत आणि त्यांना प्रार्थना शिकवत. या शिकवणीला पोर्तुगीज भाषेत 'दौत्रिना' म्हणतात. गोव्याच्या कोकणीत त्याचं झालं 'दोतोन'.

आता या दोतोनाच्या वर्गाने आपल्या मराठीला काय दिलं ते ऐका. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याचं बरंचसं आयुष्य सासष्टीत गेलं. तो कोकणी शिकला, मराठी शिकला, आणि नुसता शिकला नाही तर मराठीच्या प्रेमातच पडला. त्याने बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत लिहिली. तेच 'ख्रिस्तपुराण'. जवळजवळ अकरा हजार ओव्या! १६१६ मध्ये ते राशोल येथे छापलं गेलं. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आम्ही बी.ए.ला अभ्यासल्या होत्या.

पण हा ग्रंथ जन्माला कसा आला, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथाच्या आरंभीच ती हकिगत आहे. सासष्टीच्या चर्चमध्ये मुलांची दोतोन चालू असते. तिथे एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की, तुम्ही शिकवता ते ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत. मग आम्ही मन रमवायला वाचायचं काय? आमच्या भाषेत तसं काही द्या ना!

या प्रश्नामागे मोठं दुःख आहे. त्या काळात सासष्टीत देवळं पाडली गेली होती, पोथ्या गेल्या होत्या, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनही होतं. हे विसरून ख्रिस्तपुराणाचं कौतुक करता येत नाही. पण आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्या माणसाने आपली भाषा मागितली आणि ज्याच्याकडे मागितली त्याने ती दिली. मुलांच्या वर्गात विचारलेल्या एका प्रश्नातून मराठीचा एक मोठा काव्यग्रंथ निघाला. मी ३४ वर्षं वर्गात काढली, त्यामुळे मला ही गोष्ट विशेष भावते.

स्टीफन्सने लिहिलेली कोकणी दोतोनही त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांचं ते पुस्तक. दोन्ही पुस्तकं रोमन अक्षरांत, कारण देवनागरी छपाईची सोय नव्हती. पुढे १६८४ मध्ये तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मानच काढलं की, तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. बोली काही मेली नाही. पण ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून यायला १९५६ साल उजाडलं. शांताराम बंडेलू यांनी ते संपादित केलं. म्हणजे ३४० वर्षांनी!

गोव्यातून निघालेली ख्रिस्ती कुटुंबं सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या भागात येऊन वसली. आज आमच्याकडे फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज ही आडनावं तुम्हाला गावोगाव भेटतील, आणि बोलायला लागले की अस्सल मालवणी!

आता रविवारच्या आणि सुट्टीतल्या शाळेकडे वळते. संडे स्कूलचा प्रसार केला रॉबर्ट रेक्स या ग्लॉस्टरच्या वर्तमानपत्रवाल्याने, १७८० मध्ये. तिथली गरीब मुलं सहा दिवस कारखान्यात राबायची, रविवारी तेवढी मोकळी. म्हणून शाळा रविवारी! तिथे मुलं आधी अक्षरं शिकत, कारण अक्षरांशिवाय बायबल वाचणार कसं? सुट्टीतली शाळाही अशीच निघाली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी चक्क बिअर विकण्याची एक जागा भाड्याने घेऊन वर्ग भरवला. म्हणजे पोरं उन्हात उंडारतात ही तक्रार काही फक्त आमच्या कोकणातली नाही.

आपल्याकडेही मिशनच्या लोकांनी मुलांसाठी मराठीत खूप केलं. अमेरिकन मिशनचं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक १८७२ मध्ये सुरू झालं. रेव्हरंड टिळक तर आपल्याच कोकणातले, दापोली तालुक्यातल्या करजगावचे. त्यांची पक्षिणीवरची कविता शाळेत कोणी पाठ केली नाही? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आलं. आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं सेंट लुक्स हॉस्पिटल होतं. तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत!

असो. गाडी जरा लांब गेली. मला सांगायचं होतं ते यंदाच्या वर्गाबद्दल.

माझ्याकडे पाच ते आठ वर्षांची अठरा मुलं होती. बहुतेक सगळी इंग्रजी माध्यमातली. घरात मालवणी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. मराठी बोलता येतं, पण 'क्ष' बघितला की डोळे मोठे होतात! एका मुलीने सांगितलं की तिच्या आजीचं प्रार्थनेचं पुस्तक मराठीत आहे, आजीला आता दिसत नाही आणि घरात वाचून दाखवणारं कोणी नाही. मी दुसऱ्या दिवसापासून अक्षरांनाच हात घातला. नऊ दिवसांत पुस्तक वाचण्याएवढी तयारी होत नाही, पण तिने त्यातली एक छोटी प्रार्थना अडखळत का होईना, आजीला वाचून दाखवली.

गोष्टीच्या तासाला त्यांची ताई येशूच्या कोळी शिष्यांची गोष्ट सांगत होती. रात्रभर काही मिळालं नाही आणि मग जाळं माशांनी भरून फाटायला आलं. सगळी मुलं आ वासून ऐकत होती. एवढ्यात रापणकराच्या घरातला एक सहा वर्षांचा मुलगा उठून म्हणाला, "बाई, इतके मासे गावले तर वाटे कशे केल्यांनी?" सगळे हसले. मी मात्र मनात म्हटलं, याला गोष्ट पोचली! आपल्या भाषेत ऐकलेलीच गोष्ट अशी आपल्या किनाऱ्यावर येऊन लागते. इंग्रजीत सांगितली असती तर ती त्याने पाठ केली असती, इतकंच.

म्हणून वन्सं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. प्रार्थना शिकवायला त्यांची माणसं आहेत आणि ती चांगलं शिकवतात. मी फक्त अक्षरं शिकवायला गेले होते. देवळातल्या बालसंस्कार वर्गाने बोलावलं तर तिथेही जाईन, मदरशाने बोलावलं तरी जाईन. मुलाला आपल्या आजीचं पुस्तक वाचता यावं, मग ते पुस्तक कुठलंही असो, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या गावात सुट्टीतले असे वर्ग भरतात का? कोणत्या भाषेत चालतात? जरूर कळवा. आणि हात रिकामे असतील तर पुढच्या मे महिन्यात तुम्हीही एखाद्या वर्गात जाऊन बसा. पाटी-पेन्सिल सोबत न्या. मुलं आपोआप येतात.