पहिली शिडाची बोट घ्यायचीय? मग लाकडी घ्यावी की फायबरची?

२२ एप्रिल १९६९. इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात ३२ फुटांची, गंजाचे ओघळ आलेली एक बोट शिरली. तिच्यावर एकच माणूस होता, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवस कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारे ते जगातले पहिले दर्यावर्दी ठरले. त्यांच्या बोटीचं नाव 'सुहैली'. ती सागवानी होती आणि बांधली गेली होती आपल्या मुंबईत.

२९ एप्रिल २०२३. फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोन बंदरात भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी पोहोचले. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या 'गोल्डन ग्लोब रेस'मध्ये ते दुसरे आले. त्यांची 'बायानत' ही ३६ फुटांची बोट फायबरग्लासची होती.

दोन्ही बोटी जग फिरून आल्या. मग पहिल्यांदाच शिडाची बोट घेणाऱ्याने लाकूड निवडायचं की फायबर? उत्तर 'मजबूत काय' या प्रश्नात सापडत नाही. ते सापडतं 'देखभाल कोण करणार' या प्रश्नात. कसं, ते समजून घेऊया.

आधी हल म्हणजे काय?

बोटीवरून डोलकाठी, शिडं, दोर, सुकाणू, इंजिन सगळं काढून टाकलं, तर पाण्यावर तरंगणारं जे मूळ अंग उरतं, ते म्हणजे हल. शिडं फाटली तर नवी शिवता येतात. डोलकाठी मोडली तर बदलता येते. पण हल खराब झाला तर बहुतेक वेळा बोटच गेली. म्हणून बोट घेताना सगळ्यात जास्त वेळ हल तपासण्यात घालवायला हवा.

लाकडी हल कसा असतो?

पारंपरिक लाकडी बोटीत तळाला एक मजबूत कणा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांसारखे वाकवलेले लाकडी तुकडे बसवतात आणि त्यांच्यावर फळ्या ठोकतात. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून वरून लांबी भरतात. बोट पाण्यात गेली की लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी घट्ट मिटतात.

म्हणजेच लाकडी बोट पाण्यात असते तेव्हाच नीट राहते. ती काही महिने उन्हात कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात सोडल्यावर सुरुवातीला ती गळते. हे माहीत नसलेला नवा मालक घाबरून जातो.

लाकडाचे खरे शत्रू दोन. पहिला म्हणजे कुजणं. गंमत म्हणजे लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने जास्त कुजतं. डेकच्या बारीक फटीतून पावसाचं पाणी आत झिरपतं, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात साचतं आणि तिथे बुरशी धरते. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोकणपट्टीसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. नुसती ताडपत्री घट्ट गुंडाळून चालत नाही, आत वारा खेळता राहावा लागतो.

दुसरा शत्रू म्हणजे शिपवर्म. नावात 'वर्म' असलं तरी हा किडा नाही, शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. उबदार समुद्रात तो लाकडात शिरतो आणि आतून पोखरत जातो. बाहेरून फळी धड दिसते, आत मात्र बोगदे झालेले असतात. म्हणून पाण्याखालच्या भागावर खास संरक्षक रंग वेळच्या वेळी लावावाच लागतो.

आणि फायबरचा?

ज्याला आपण सरसकट 'फायबर' म्हणतो, ते म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि रेझिन. साच्यात आधी चकचकीत बाहेरचा थर देतात, त्याला जेलकोट म्हणतात. मग काचतंतूंचं कापड आणि रेझिन यांचे थरावर थर चढवतात. रेझिन घट्ट झालं की साच्यातून अखंड हल बाहेर येतो. सांधे नाहीत, त्यामुळे फटी नाहीत. एका साच्यातून एकसारख्या अनेक बोटी निघतात, म्हणूनच १९६० च्या दशकात जगभर शिडाच्या बोटी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागल्या.

फायबर कुजत नाही आणि त्याला शिपवर्म लागत नाही. पण म्हणून त्याला काहीच होत नाही, असं नाही. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर जेलकोटमधून सूक्ष्म प्रमाणात पाणी आत जातं, रेझिनमधल्या काही घटकांशी त्याची प्रक्रिया होते आणि पृष्ठभागावर फोड येतात. याला ऑस्मोसिस म्हणतात. समुद्र जितका उबदार, तितकी ही प्रक्रिया वेगाने होते. थोडे फोड आले म्हणून बोट बुडत नाही, पण पूर्ण दुरुस्तीसाठी जेलकोट खरवडून, हल वाळवून पुन्हा थर द्यावे लागतात. हे काम वेळखाऊ आणि महागडं आहे.

आणखी एक गोम आहे. अनेक फायबर बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये हलकं लाकूड किंवा फोम भरलेला असतो. डेकवर ठोकलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं, की हे आतलं लाकूड कुजतं. वरून सगळं ठीक दिसतं, पाय ठेवला की डेक दबतो.

'लाकूड तरंगतं, फायबर बुडतं' हे खरं का?

अर्धं खरं. सागवानाची घनता पाण्यापेक्षा कमी आहे, एक घनमीटर सागवान साधारण ६५० किलो भरतं. तेवढंच फायबरग्लास सुमारे १५०० किलो भरतं, म्हणजे पाण्यापेक्षा जड. त्यामुळे छोटी, वजन न लावलेली लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते. छोट्या फायबर बोटीत मात्र हवाबंद कप्पे किंवा फोम द्यावाच लागतो. पण ज्या मोठ्या बोटींच्या तळाशी शिसं किंवा लोखंडाचं वजन असतं, त्या पाण्याने भरल्या की कशाच्याही असल्या तरी बुडतात.

मग समुद्रात जास्त भरवशाचं काय?

याचं उत्तर सप्टेंबर २०१८ मधल्या एका वादळात मिळतं. तेव्हाच्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये अभिलाष टॉमी 'थुरिया' ही बोट घेऊन उतरले होते. गोव्यात बांधलेली ही बोट 'सुहैली'ची प्रतिकृती होती. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने 'थुरिया' उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या फायबरच्या बोटीच्याही डोलकाठ्या मोडल्या. वादळाने दोघींत फरक केला नाही.

पुढच्या रेसमध्ये, नोव्हेंबर २०२२ मध्ये, फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची फायबरची बोट मागच्या बाजूने पाणी शिरून काही मिनिटांत बुडाली. ते तराफ्यावर उतरल्यामुळे वाचले.

आणि 'सुहैली'? प्रवासाच्या सुरुवातीलाच तिच्या तळाजवळचे सांधे गळू लागले होते. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली उतरून फटीत कापूस भरला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. लाकडाची ताकद आणि कटकट, दोन्ही या एका प्रसंगात दिसतात. बोट गळते, पण साध्या अवजारांनी दुरुस्तही होते. मात्र ते काम यायला हवं.

जुनी बोट बघायला जाताना काय तपासावं?

पहिली बोट बहुतेक जण जुनीच घेतात. ताजा रंग बघून भुलू नका. रंगाखाली बरंच काही लपतं.

लाकडी बोट असेल तर मालकाची परवानगी घेऊन टोच्याने फळ्या, कणा आणि कोपरे हलकेच दाबून बघा. टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. फळ्या धरून ठेवणारे खिळे आणि बोल्ट गंजलेत का, ते पाहा. फळी चांगली असून खिळेच गेलेले असतात, असं अनेकदा होतं. आत डोकं घालून वास घ्या. कुबट वास आला तर कुठेतरी पाणी साचतंय.

फायबरची बोट असेल तर प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत जा. सगळीकडे सारखा, टणक आवाज यायला हवा. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड भिजलंय. बोट पाण्याबाहेर काढल्या काढल्या तळावर फोड आहेत का, ते बघा. डेकवर चालून बघा. डोलकाठीचे तार जिथे बांधलेत, तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील तर सावध व्हा.

मोठी बोट घेत असाल तर पैसे देण्याआधी स्वतंत्र सर्वेअरकडून तपासणी करून घ्या. तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

'वरून फायबर मारून घेऊ' हा सल्ला

जुनी लाकडी बोट स्वस्तात मिळतेय, गळत असेल तर वरून फायबरचा थर मारू, असं सांगणारे भेटतील. इथे थांबा. फळ्यांची बोट फुगते आणि आकसते, फायबरचा थर मात्र ताठ राहतो. त्यामुळे थर सुटतो. शिवाय आतली ओल अडकते आणि लाकूड झाकलेलं राहून कुजतं. बांधतानाच लाकडावर इपॉक्सी आणि फायबर चढवलेली बोट ही वेगळी गोष्ट आहे.

मधला मार्गही आहे

गोव्यात बांधलेली नौदलाची 'आयएनएसव्ही म्हादेई' हे याचं उत्तम उदाहरण. तिच्या हलमध्ये लाकडाचा गाभा आहे आणि त्यावर काचतंतू व इपॉक्सीचं आवरण. लाकूड कोरडं राहतं, फुगत नाही, गळत नाही. याच बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. लहान बोटींमध्ये मरीन प्लायवूड आणि इपॉक्सी वापरून हाच मार्ग घेता येतो.

मग तुम्ही काय घ्यावं?

शनिवार-रविवारीच वेळ मिळतो आणि तो वेळ समुद्रावर घालवायचाय, तर फायबर घ्या. शिकताना बोट धक्क्याला आपटणार, वाळूवर घासणार, हे गृहीत धरा. फायबर ते सहन करतं. मुलांची 'ऑप्टिमिस्ट' ही बोट १९४७ मध्ये प्लायवूडसाठीच आखली गेली होती, पण आज शर्यतीत ती फायबरचीच दिसते. त्यामागे हेच कारण आहे.

हाताने काम करायची आवड आहे, बोट ठेवायला सावलीची जागा आहे आणि लाकडाच्या होड्या बांधणारा कारागीर जवळच आहे, तर लाकूड जरूर घ्या. या तीनपैकी एकही गोष्ट नसेल तर मोह आवरा. स्वस्तात मिळालेली लाकडी बोट दोन पावसाळ्यांत सरपण होऊ शकते.

एक गोष्ट मात्र फायबरच्या विरोधात जाते. लाकडी बोट शेवटी मातीत मिसळते. फायबरचा हल कुजत नाही आणि त्याचा पुनर्वापरही अवघड आहे. फ्रान्सने तर टाकाऊ बोटींच्या विल्हेवाटीची जबाबदारी बोट बनवणाऱ्यांवर टाकली आहे. त्यामुळे फायबर घेणार असाल तर नवी घेण्याआधी एखादी चांगली जुनी सापडते का, ते बघा.

थोडक्यात

लाकूड दरवर्षी तुमचा वेळ मागतं. फायबर अनेक वर्षं काहीच मागत नाही, पण दुर्लक्ष झालं तर एकदम मोठा खर्च काढतं. बोट बघायला जाण्याआधी एकच हिशोब मांडा: महिन्यातले किती दिवस आपण बोट चालवणार आणि किती दिवस तिच्यावर काम करणार? दुसरा आकडा शून्याच्या जवळ असेल, तर तुमचं उत्तर ठरलेलं आहे.