सहा टनांची अडचण : बंजाऱ्याच्या बैलापासून किसान रेलपर्यंत

मागच्या आठवड्यात नागपूरला रामदासपेठेत गेलो होतो. तिथं एका बिल्डिंगच्या पहिल्या माळ्यावर मालवाहतुकीचं बुकिंग ऑफिस आहे. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर भारताचा मोठा नकाशा. टेबलावरच्या पोरानं विचारलं, "काकाजी, माल किती?" म्हटलं, सहा टन संत्रा, दिल्ली. त्याचे हात कीबोर्डवर थांबले. "सहा टन म्हणजे अडचणीचा माल आहे जी. पूर्ण गाडीला कमी पडते अन् पार्टलोडला जास्त होते."

मी खाली उतरून टपरीवर चहा घेतला, पण "अडचणीचा माल" काही डोक्यातून जाईना. माझं पीक ठीक आहे, फळ ठीक आहे, अडचण फक्त त्याच्या वजनाची. हे आधीपासून असंच होतं का? वाचलेलं आणि बाबांकडून ऐकलेलं जुळवून लिहितो आहे. थोडं लांबलं आहे, सवडीनं वाचा.

रेल्वे यायच्या आधी आपल्या वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर जायचा. कुठं, तर गंगाकाठच्या मिर्झापूरला, पाचशे मैल! तिथून नावेनं कलकत्त्याला. मुंबईकडे वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा गेला तो १८२५-२६ साली. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी ५०० बैलांवर १,२०,००० पौंड कापूस पाठवला. भागाकार करून पाहा, एका बैलावर २४० पौंड, म्हणजे आजचे १०९ किलो. माझे सहा टन त्या हिशेबानं ५५ बैल झाले असते. तांड्यात ५५ बैलवाला पण चालायचा अन् ५ बैलवाला पण. मोजमाप बैलाचं होतं, त्यामुळे कोणाचाच माल "अडचणीचा" नव्हता. वेळ मात्र भयंकर लागायचा, आणि वाटेत पाणी आलं की कापूस गेलाच समजा. संत्रा तर त्या वाटेनं पोचलाच नसता. जुन्या काळाचं गुणगान करायला बसलो नाही, हे आधीच सांगतो.

त्या काळातला एक शब्द मात्र आपण उगाच टाकून दिला. हुंडेकरी. हा माणूस ठरलेल्या एकाच रकमेत माल ठिकाणावर पोचवायचा. भाडंही त्यातच आणि वाटेतल्या नाक्यांची जकातही त्यातच. त्याला हुंडाभाडं म्हणत. आज आपण फोनवर विचारतो "रेट काय?" आणि समोरचा फक्त भाडं सांगतो. भरायची हमाली, उतरवायची हमाली, क्रेट परत आणायचा खर्च, तिकडची टेम्पोची फेरी, हे एकेक करून मागून निघतं.

१८६७ साली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांचं काम आटोपत गेलं. दहा वर्षांनी, १८७७ ला, टाटांची एम्प्रेस मिल इथंच सुरू झाली. पुढे मुर्तिजापूर–यवतमाळची आपली शकुंतला आली, तीही कापसासाठीच. पण रेल्वेबरोबर मोजमाप बदललं. आता माप वॅगनचं. कापूस फुगलेला, सुटा भरला तर वॅगन भरते पण वजन भरत नाही. म्हणून गावोगावी जिन आणि प्रेस निघाले. गाठ जेवढी दाबली तेवढं किलोमागचं भाडं कमी. ज्याच्याकडे प्रेस त्याची वॅगन भरली, आणि ज्याची वॅगन भरली त्यानं शेतकऱ्याला भाव सांगितला. मला वाटतं आपला शेतकरी खेडा खरेदीत अडकला तो फक्त सावकारामुळे नाही, त्याच्या एकट्याच्या मालानं वॅगन भरत नव्हती म्हणूनही.

संत्र्याची गोष्ट थोडी वेगळी. बाबा सांगायचे, काटोल स्टेशनवर टोपले आणि लाकडी पेट्या पार्सल डब्यात चढवत. गाडी काही मिनिटं थांबायची, तेवढ्यात हमालांची धावपळ. पेटीवर रंगानं नाव लिहिलेलं, बिल्टी हातात. दहा पेट्या असल्या तरी रेल्वे घेत होती. पुढे रेल्वेला असा फुटकळ माल परवडेना. स्टेशन-स्टेशनवर वॅगन जोडणं-सोडणं कमी झालं आणि अख्ख्या रेकवर भर आला. रेक म्हणजे चाळीसच्या वर वॅगन, अडीच हजार टनांच्या घरात माल. कोळसा, सिमेंट, खत यांचं ते काम. मग आपल्याला उरलं काय? प्रवासी गाडीच्या टोकाला असतो तो सामानाचा डबा, त्यात एका कप्प्यात ४ टन. नाहीतर अख्खी पार्सल व्हॅन, तिच्यात २३ टन. माझे ६ टन बरोबर मधे लोंबकळतात.

म्हणून सगळे ट्रककडे वळले. ट्रक वाडीत येतो, झाडाखाली लागतो, खाली तणस टाकून संत्रा सुटाच भरतो. अख्खा ट्रक भरायचा म्हणजे बागा जास्त पाहिजेत, आणि बागा जमवायचं काम व्यापारी करतो. तो झाडावरचा बगीचा उक्ता घेतो. आपण म्हणतो व्यापारी लुटतो. लुटतो तर खरंच, पण तो एक काम पण करतो, चार जणांचा माल एका गाडीत आणतो. ते काम आपण केलं नाही, तर त्याचे पैसे तो घेणारच.

मी एकदा एकट्यानं करून पाहिलं. २०१९ च्या डिसेंबरात २० किलोचे ३०० क्रेट भरले, बरोबर सहा टन. पूर्ण गाडीपेक्षा पार्टलोड किलोमागे एक रुपयानं स्वस्त मिळाला, म्हणजे सहा हजार वाचले. मी खूष. पण पार्टलोडची गाडी भरल्याशिवाय निघत नाही. माझा माल वाडीच्या बाजूला एका गोदामात तीन दिवस पडून राहिला. नंतर त्याच्यावर दुसऱ्याचा जड माल चढवला. दिल्लीत उतरवला तेव्हा २८ क्रेट गळत होते. ५६० किलो, त्या दिवशीच्या ३० रुपये भावानं १६,८०० रुपये. सहा हजार वाचवायला गेलो आणि १०,८०० चा फटका घेऊन आलो. बिल्टीवर बारीक अक्षरात छापलं होतं, नाशवंत मालाची जबाबदारी मालकाची. सही माझीच होती. घरी बायकोला आकडा सांगायला दोन दिवस लागले.

त्यानंतर किसान रेल आली. पहिली गाडी ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर, आणि ऑक्टोबरात नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला. तिची खरी गंमत भाड्यात पन्नास टक्के सवलत ही नव्हती. खरी गंमत अशी की कमीत कमी एवढा माल पाहिजेच, अशी अटच नव्हती. डिसेंबरात सांगोला–शालिमार ही शंभरावी गाडी निघाली तेव्हा सांगितलं गेलं होतं की या रेलनं तीन किलो डाळिंबाचं पार्सल पण नेलं आणि १७ डझन अंडी पण. म्हणजे पुन्हा बैलाचंच माप! आम्ही पाच जणांनी दोनदा माल पाठवला. नागपूरपर्यंत गाडी, तिथं हमाली, आदर्शनगरहून आझादपूर मंडी जवळ, पण टेम्पो लागतोच. सगळं धरून किलोमागे दीड रुपया वाचला आणि माल वेळेवर पोचला. पुढे अनुदान आटलं, गाड्या कमी झाल्या, आणि आमच्यासाठी तो रस्ता बंद झाल्यासारखाच झाला. त्याच काळात बांगलादेशनं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, २०१९ ला किलोला २० टका होतं ते २०२३ ला ८८ टका. तिकडे जाणारा माल दिल्लीकडे वळला, आणि ऐन हंगामात गाड्यांसाठी ओढाताण वाढली.

म्हणतात नागपूर देशाच्या मधोमध आहे, झिरो माईलचा दगड पण आहे. मधोमध असण्याचा आपल्याला फायदा असा की दिल्ली हजार किलोमीटरच्या वर, कलकत्ता हजारच्या वर, मद्रास पण तेवढंच. कोणतंही मोठं मार्केट जवळ नाही! एक फायदा मात्र खरा. उत्तरेकडून दक्षिणेत माल टाकून रिकामे परतणारे ट्रक नागपूरवरूनच जातात. वापसीची गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं. फक्त ड्रायव्हर वाटेत दुसरा माल घेणार नाही, हे भरायच्या आधी लिहून घ्या. आणि कोणी बिलात जीएसटी लावला तर विचारा कशाचा, शेतमालाच्या वाहतूक भाड्यावर तो माफ आहे.

तर रामदासपेठेतल्या त्या पोराला मी रात्री फोन केला. म्हटलं, सहा टन विसर, पंधरा टनाचा रेट सांग, पण हुंडा सांग. भाडं, दोन्हीकडची हमाली, क्रेट वापसी, सगळं धरून एक आकडा. तो म्हणाला, "हुंडा म्हणजे काय जी?" समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आकडा पाठवला, पार्टलोडच्या रेटपेक्षा किलोमागे ८० पैसे कमी आहे. आंबिया बहार आहे, माझे सहा, शेजारच्या भाऊंचे पाच, आणि धुऱ्यापलीकडच्या दोघा भावांचे मिळून चार. काल संध्याकाळी चौघं ओट्यावर बसलो. वजनकाटा कोणता, पट्टी कोणाच्या नावानं, हे लवकर ठरलं. अडलं एकाच गोष्टीवर, गाडीत कोणाचे क्रेट खाली राहतील. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की प्रत्येकाच्या मालाचा तिसरा हिस्सा खाली, आणि कोणत्या बाजूला कोणाचा ते चिठ्ठ्या टाकून. शनिवारी तोडा आहे. गाडी पोचली की आकडे इथंच टाकतो, नुकसान झालं तरी टाकतो.