पलटणीचें चिन्ह आणि घरचा दागिना

दागिन्याची किंमत सोनाराच्या तराजूवर ठरते. परंतु कांहीं दागिने असे असतात कीं, त्यांचें खरें मोल तराजूला कळतच नाहीं. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि ब्रिटनमधील लक्षावधि तरुण रणभूमीकडे निघाले. त्यांतील अनेकांनीं आपल्या आईला, पत्नीला अगर वाग्दत्त वधूला आपल्या पलटणीच्या चिन्हाचा लहानसा ब्रोच दिला. इंग्रजींत त्याला 'स्वीटहार्ट ब्रोच' असें नांव आहे. आपलें माणूस कोणत्या पलटणींत आहे, हें तो घालणारी स्त्री न बोलतां सांगत असे. दुसऱ्या महायुद्धांतही ही रीत चालू होती.

आज असे ब्रोच पणतवंडांच्या हातीं येतात, तेव्हां ते कोणीं कोणाला दिले हें सांगणारें घरांत कोणी उरलेलें नसतें. मग दागिन्यालाच विचारावें लागतें.

प्रथम मुकुट पाहावा. १९०१ ते १९५२ या काळांतील राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटाप्रमाणें वर उचललेल्या असत. एलिझाबेथ राणीच्या राजवटींत त्या मध्यभागीं खचलेल्या दाखवीत. म्हणून खचलेल्या कमानींचा ब्रोच कोणी पहिल्या महायुद्धांतील म्हणून दाखविल्यास शंका घ्यावी. २०२२ पासून चार्ल्स राजांनीं घुमटाकार मुकुट पुन्हां स्वीकारला आहे; तेव्हां केवळ मुकुटावर भिस्त ठेवूनही चालत नाहीं.

नंतर अक्षरें वाचावीं. पंखांच्या मधोमध 'आर. एफ. सी.' अशीं अक्षरें असतील, तर तें रॉयल फ्लाइंग कोअरचें चिन्ह होय. तें दल १९१२ मध्यें स्थापन झालें व १ एप्रिल १९१८ रोजीं रॉयल एअर फोर्समध्यें विलीन झालें. मशीनगन कोअर १९१५ मध्यें निर्माण होऊन १९२२ मध्यें मोडली. अशा अल्पायुषी दलांचीं चिन्हें काळ फार नेमका सांगतात.

मग ब्रोच उलटा करावा. चांदीवर चालता सिंह असेल, तर ती शेंकडा ९२.५ शुद्ध समजावी. शेजारचें अक्षर वर्ष दाखवितें. तेथें नांगर दिसला म्हणजे पणजोबा आरमारांत होते, असें मानण्याची चूक पुष्कळांच्या हातून होते. तो नांगर बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीचा छाप आहे. त्याचा समुद्राशीं कांहीं संबंध नाहीं. पितळेच्या किंवा मोत्याच्या शिंपल्याच्या ब्रोचवर असा छाप नसतो. पण तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाहीं.

या तपासाला महत्त्व येण्याचें कारण आहे. सप्टेंबर १९४० मध्यें लंडनवरील बाँबहल्ल्यांत युद्धखात्याच्या दप्तराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धांतील साध्या शिपायांच्या नोकरीच्या कागदांपैकीं सुमारें ६० टक्के जळून गेले. पदकांच्या नोंदी वांचल्या. परंतु शिपायाचा सविस्तर वृत्तान्त अनेक घरांना कायमचा मुकला. तेथें दोन बोटांत मावणारा हा ब्रोच शोधाचा पहिला धागा ठरतो.

मात्र ब्रोच पलटण सांगतो, माणूस सांगत नाहीं. शिपाई पलटण बदलीत, आणि हे ब्रोच दुकानांतही विकत मिळत. शिवाय, कधीं चिन्ह एका पलटणीचें निघतें आणि पणजोबांची नोंद दुसऱ्याच पलटणींत सांपडते. तेव्हां घरची कथा खोटी ठरवून ब्रोच मोडींत घालण्याची घाई करूं नये. तो तिच्या भावाचा असेल. किंवा जो परत आलाच नाहीं, अशा पहिल्या वाग्दत्ताचाही असेल. पुढें दुसऱ्याशीं संसार करूनही जी वस्तु तिनें जन्मभर जपली, तिच्याविषयीं ती कोणाशीं बोलली नसेल. न जुळणारें चिन्ह ही चूकच असते असें नाहीं. कधीं कधीं घराच्या इतिहासांतील तेवढीच एक खरी नोंद उरलेली असते.