नांगर आणि ‘खबर’

एम. ए.च्या वर्गात मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकविताना ‘किर्लोस्कर’ मासिकापाशी आले, की दर वर्षी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, पंपवाले किर्लोस्कर ते हेच का?” तेच, असे सांगून आपण पुढे सरकतो. अभ्यासक्रमात तेवढीच सवड असते. पण या एका शब्दाच्या उत्तरात जे दडले आहे, त्याकडे वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ‘कारखान्याची बाब’ म्हणून आणि उद्योगाच्या इतिहासकारांनी ‘मालकांची हौस’ म्हणून काणाडोळा केला, असे मला वाटू लागले आहे. ग्रंथप्रदर्शनांत हल्ली नेतृत्व आणि उद्योगवृद्धी या विषयांवरील अनुवादित पुस्तकांचे ढीग दिसतात. त्यांतील कारखानदार ग्राहकाशी कोणत्या भाषेत बोलले, हा प्रश्न त्या पुस्तकांना सहसा पडत नाही. किर्लोस्करांना तो पडला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (1869-1956) जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. म्हणजे संगीत नाटकाच्या अण्णासाहेबांच्याच गावचा. ते चित्रकार व्हावयाचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. तेथे आपल्या डोळ्यांना काही रंगांतला भेद कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मग ब्रश टाकून त्यांनी यांत्रिक रेखनाची वाट धरली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. पण हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा तीही सोडून ते बेळगावास आले आणि बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या दुकानात रमले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यामागून लोखंडी नांगर.

या नांगराची कथा उद्योजकांच्या व्याख्यानांतून ‘चिकाटीचे फळ’ म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळी दिसते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. पहिले नांगर दोन वर्षे विकले गेले नाहीत, असे सांगतात. आता या समजुतीला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण लाकडी नांगर गावचा सुतार करी, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि त्याचा मोबदला बलुत्यातून धान्याच्या रूपाने फिटे. लोखंडी नांगरासाठी रोकड मोजायची आणि मोडला तर फाळासाठी परगावच्या कारखान्याच्या तोंडाकडे पाहायचे! शेतकऱ्याचा अविश्वास केवळ धातूवर नव्हता, अनोळखी माणसावर होता. तो अविश्वास दूर करायचा तर चांगले ओतकाम पुरेसे नव्हते. दूरच्या कारखान्याने ओळखीचे व्हायला हवे होते. किर्लोस्करांच्या धंद्याच्या वाढीचे मर्म मला या ओळख करून घेण्यात दिसते.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः चित्रकार. रंग न दिसणाऱ्या चित्रकाराला आधार मिळाला तो रंगांत बुडालेल्या राजाचा! 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, निवडुंग आणि सापांच्या राज्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा माल तेथून निघू लागला. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि बिडाची टंचाई झाली, तीतूनही कारखाना तरला आणि 1920 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. म्हणजे भांडवलही आता आप्तस्नेह्यांपुरते राहिले नाही, ते अनोळखी भागधारकांकडून यावयाचे होते.

त्याच 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. हा निव्वळ योगायोग मानावयास मन घेत नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. कारखान्याच्या जाहिरातींचे काम त्यांच्याकडे असे. कारखान्याचे घरगुती मुखपत्र म्हणून सुरू झालेले हे पत्र हळूहळू घराबाहेर पडले. ‘खबर’ हा शब्द गळाला, ‘किर्लोस्कर’ उरले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. या तिघांचे मिळून पुढे ‘किस्त्रीम’ झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले. मुंबई-पुण्याच्या साहित्यिक दरबारापासून दूर, एका रेल्वे स्टेशनाकाठच्या छापखान्यातून हे घडत होते.

येथे लक्ष्मणरावांच्या नेतृत्वाचा खरा कस दिसतो. मुखपत्रातून कारखान्याबाहेरचे विषय येऊ लागले, रूढींवर टीका होऊ लागली, तेव्हा ‘यात नांगर किती खपले?’ असा हिशेब मागून कोणत्याही मालकाने ते आटोपते घेतले असते. येथे तसे झाले नाही. कर्त्या माणसाने पुतण्याला त्याच्या कामात मोकळे सोडणे, ही वरकरणी साधी गोष्ट. पण हरिहर (1941), पुणे आणि बंगळूर (1946) येथील पुढच्या पिढीच्या उद्योगांमागेही तीच वृत्ती दिसते. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव 1926 मध्ये अमेरिकेतील एमआयटीची पदवी घेऊन आले होते.

परंतु या चित्राला एक काळी कडा आहे, ती झाकून चालणार नाही. नांगर विकत घेणारा शेतकरी आणि मासिक वाचणारा वाचक हे एकच नव्हते. मासिकाने ओळख जोडली ती मुख्यतः साक्षर, पांढरपेशा घरांशी. वाडीत अस्पृश्यता न पाळण्याचा दंडक होता, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना विश्वासाने कामावर घेतले जाई. हे सारे खरे. तरीही गांधीहत्येनंतर 1948 मध्ये ब्राह्मणविरोधी जाळपोळ उसळली, तेव्हा किर्लोस्करवाडीचा कारखाना तीतून सुटला नाही. पंचक्रोशीचा आणि वाडीचा संबंध नेमका किती खोल गेला होता, हा प्रश्न त्या राखेतून उठतो. कारखाना पुन्हा उभा राहिला, याचे कौतुक करताना आपण तो विचारायचे विसरतो.

शं. वा. किर्लोस्करांच्या ‘शंवाकीय’ या आत्मचरित्राची शिफारस मी विद्यार्थ्यांना करतो, आणि मूळ अंक पाहा, असेही सांगतो. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आमच्या ग्रंथालयातील जुने बांधीव खंड चाळून आली आणि म्हणाली, “सर, यात नांगराची एकही जाहिरात नाही.” मी जाऊन पाहिले. बांधणी करताना खंड जाड होऊ नयेत म्हणून जाहिरातींची पाने कोणी तरी काढून टाकली होती. लेख मात्र सगळे जागच्या जागी होते.